दिव्यांग कामगार आणि मालकाचे कायदेशीर कर्तव्य : एक अभ्यास



स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप कार्यकारी मंडळाकडून आला, तेव्हा कोणत्या विषयावर लिहावे हा प्रश्न आम्हाला पडला नाही. हा विषय गेली काही वर्षे आमच्या मनात घर करून आहे. आम्ही बँकेत लिपिक आहोत आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर आहोत. वकिली आम्ही केलेली नाही. तरीही कायद्याचा हा एक कोपरा आम्ही स्वतः वाचून, जाणकारांना विचारून समजून घेतला. तो समजून घेण्याची पाळी आमच्यावर का आली, हे आधी सांगितले पाहिजे.

१. एका अर्जाची हकीकत

सन २०१२ ची गोष्ट. तालुक्याच्या गावी आमच्या शाखेत एक शिपाई होते. वयाने वडील, म्हणून सर्वजण त्यांना मामा म्हणत. साखरेच्या आजाराने त्यांची नजर हळूहळू गेली. आधी व्हाउचरवरचे आकडे दिसेनात, मग जिना चढताना पायरी दिसेना. एके दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितले, "मामा, आता तुमच्याकडून काम कसे व्हायचे? तुम्हीच विचार करा." साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनाही कायदा माहीत नव्हता.

मामा बाहेर आले आणि आमच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "साहेब, तुमचं अक्षर चांगलं हाय. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिवून द्या." आम्ही तो लिहून दिला. 'माझ्या प्रकृतीच्या कारणास्तव' असे सुबक अक्षरात लिहिले. मामांनी चाचपडत सही केली. त्यांचे वय तेव्हा चौपन्न होते आणि साठाव्या वर्षापर्यंत सहा वर्षांची नोकरी शिल्लक होती. पगार थांबला, निवृत्तिवेतन पूर्ण सेवेच्या मानाने कमी बसले. त्यांचा मुलगा महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने शिक्षण सोडले आणि दुकानात कामाला लागला.

पुढे दोन वर्षांनी युनियनच्या अभ्यासवर्गात एक पुस्तिका आमच्या हाती आली. त्यात १९९५ च्या कायद्याचे कलम ४७ छापलेले होते. सेवेत असताना ज्या कर्मचाऱ्याला अपंगत्व येईल त्याला सेवेतून काढता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आम्ही ते तीन वेळा वाचले. मामांनी अर्ज दिला त्या दिवशी हे कलम अस्तित्वात होते, आणि त्या दिवशी ते लागू होऊन सोळा वर्षे झाली होती.

त्या रविवारी आम्ही मामांच्या घरी गेलो आणि सर्व सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जाऊ द्या साहेब. तुमाला तरी कुठं ठावं व्हतं? अर्ज तर तुमीच लिवला व्हता." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु ते वाक्य आमच्या मनातून आजही जात नाही. आपल्यापैकी कुणाच्या हातून असा अर्ज पुन्हा लिहिला जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

२. संविधानातील मूळ

मालकाने दिव्यांग कामगाराशी कसे वागावे, हा विषय दयेचा आहे असे पुष्कळांना वाटते. तो दयेचा नसून हक्काचा आहे आणि त्याचे मूळ भारतीय संविधानात आहे. कलम १४ ने कायद्यापुढे समानता दिली. कलम १६ ने सरकारी नोकरीत समान संधी दिली. कलम २१ ने जगण्याचा हक्क दिला, आणि या जगण्याचा अर्थ सन्मानाने जगणे असा न्यायालयांनी लावला आहे.

याखेरीज कलम ४१ विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे. बेकारी, म्हातारपण, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी नागरिकाला काम, शिक्षण व सार्वजनिक साहाय्य मिळावे यासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत तरतूद करावी, असा या कलमाचा आशय आहे. परमपूज्य बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या संविधानात विकलांगतेचा उल्लेख असा पहिल्यापासून आहे.

मात्र कलम ४१ हे मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात येते. मार्गदर्शक तत्त्व घेऊन थेट न्यायालयात जाता येत नाही. त्यासाठी संसदेने कायदा करावा लागतो. १९७७ साली केंद्र शासनाने आदेश काढून गट क व गट ड च्या नोकऱ्यांत तीन टक्के जागा अपंगांसाठी ठेवल्या, परंतु तो कायदा नव्हता, शासकीय आदेश होता. संविधान अमलात आल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी पहिला सर्वंकष कायदा झाला.

३. दोन कायदे : १९९५ आणि २०१६

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्याने सरकारी आस्थापनांत तीन टक्के आरक्षण दिले आणि वर सांगितलेले कलम ४७ दिले. पुढे १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने दिव्यांगांच्या हक्कांचा करार संमत केला व १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्याला मान्यता दिली. त्या कराराला अनुसरून संसदेने नवा कायदा केला, तो म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि जुना कायदा रद्द झाला. आज जे काही हक्क मागायचे ते या २०१६ च्या कायद्याखाली मागायचे, हे लक्षात ठेवावे. जुन्या पुस्तकांतून अभ्यास करणारे विद्यार्थी परीक्षेत अजूनही 'तीन टक्के' लिहितात, ते चूक आहे.

जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात एकवीस आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, हातापायांचे अपंगत्व, मेंदूचा पक्षाघात हे तर आहेतच. त्याशिवाय बरा झालेला कुष्ठरोग, बुटकेपणा, आम्लहल्ल्याने आलेली विद्रूपता, स्वमग्नता, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, कंपवात, हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल यांचाही समावेश आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आदिवासी आणि आपल्या समाजातही मोठ्या संख्येने आढळतात, म्हणून त्याचा उल्लेख मुद्दाम केला.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के लोक दिव्यांग होते. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख होती. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होते. गरिबी, कुपोषण, धोक्याची कामे आणि वेळेवर न मिळणारे औषधपाणी यांचा अपंगत्वाशी जवळचा संबंध असतो, हे आपल्या वस्त्यांत राहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

४. मालक कोण? आस्थापना कोणती?

कायद्यात 'आस्थापना' हा शब्द वापरला आहे. तिचे दोन प्रकार आहेत. पहिली सरकारी आस्थापना : केंद्र व राज्य शासनाची कार्यालये, महापालिका, जिल्हा परिषदा, सरकारी कंपन्या, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे, सरकारी मदत मिळणाऱ्या संस्था इत्यादी. दुसरी खाजगी आस्थापना : कंपनी, भागीदारी पेढी, कारखाना, सहकारी संस्था, न्यास, संघटना, मंडळ.

हा फरक समजून घेणे फार आवश्यक आहे, कारण काही कर्तव्ये दोघांवर आहेत आणि काही फक्त सरकारी आस्थापनेवर आहेत. सर्वच मालकांवर सर्वच बंधने आहेत असे समजून पुष्कळजण अर्ज करतात, आणि अर्ज फेटाळला गेला की निराश होतात.

५. सरकारी आस्थापनेची कर्तव्ये

(अ) भेदभाव करू नये. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून नोकरीच्या कोणत्याही बाबतीत भेदभाव करता येत नाही. सशस्त्र दलांसारख्या काही कामांच्या बाबतीत शासन अधिसूचना काढून सूट देऊ शकते, परंतु ती सूट शासनाने द्यावयाची असते. एखाद्या शाखाधिकाऱ्याने वा मुख्याध्यापकाने आपल्या मनाने द्यावयाची नसते.

(आ) वाजवी सोय करून द्यावी. हा या कायद्याचा प्राण आहे. कर्मचाऱ्याला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून त्याच्या गरजेप्रमाणे कामाच्या जागेत, साधनांत व पद्धतीत जो योग्य तो बदल करायचा, त्याला वाजवी सोय म्हणतात. मालकावर अवाजवी बोजा पडू नये एवढीच त्याला मर्यादा आहे. उदाहरणार्थ, पायाने अधू असलेल्या लिपिकाला तळमजल्यावर टेबल द्यावे, कमी ऐकू येणाऱ्यास तोंडी सूचनेऐवजी लेखी सूचना द्यावी, सिकलसेलच्या रुग्णास उन्हातान्हाचे व अतिश्रमाचे काम टाळून बैठे काम द्यावे. अंध कर्मचाऱ्यासाठी संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली मिळते, आणि एन.व्ही.डी.ए. नावाची अशी एक प्रणाली तर विनामूल्य आहे. आज अनेक बँकांत अंध कर्मचारी अशा प्रणालीच्या साहाय्याने संगणकावर काम करतात. २०१७ च्या नियमांत आणखी स्पष्ट केले आहे की, अशा सोयीचा खर्च पूर्णतः वा अंशतः त्या दिव्यांग व्यक्तीकडून घेता येणार नाही.

(इ) बढती नाकारू नये. दिव्यांग आहे एवढ्या कारणाने कुणाचीही बढती अडवता येत नाही. बढतीतही आरक्षण मिळावे या प्रश्नावर २०१६ साली राजीव कुमार गुप्ता यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगांच्या बाजूने निकाल दिला, आणि जानेवारी २०२० मध्ये सिद्धराजू यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायम केला.

(ई) सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास नोकरीवरून काढू नये. हे मामांचे कलम. जुन्या कायद्यातील कलम ४७ आता नव्या कायद्यात कलम २०, पोटकलम ४ म्हणून आले आहे. त्याची पायरी-पायरीने फोड अशी :

पहिली पायरी – सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही.
दुसरी पायरी – आपल्या मूळ पदाचे काम त्याला जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर नेमावे.
तिसरी पायरी – असे दुसरे पद शिल्लक नसेल, तर त्याच्यासाठी अधिसंख्य पद निर्माण करावे, आणि योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत, त्याला तेथे ठेवावे.

'आमच्याकडे तुमच्याजोगे काम नाही' हे उत्तर कायद्याला मान्य नाही, हे तिसऱ्या पायरीवरून दिसून येईल. काम नसेल तर पद निर्माण करावयाचे आहे.

(उ) चार टक्के जागा राखून ठेवाव्यात. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी हे आरक्षण आहे. एक टक्का अंध व अल्पदृष्टी यांना, एक टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांना, आणि एक टक्का हातापायांचे दिव्यांगत्व असणाऱ्यांना आहे. या तिसऱ्या टक्क्यात बरा झालेला कुष्ठरोग, मेंदूचा पक्षाघात, बुटकेपणा, स्नायूंचा क्षय व आम्लहल्लाग्रस्त हे सर्व येतात. उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविध दिव्यांगत्व यांना मिळून आहे. योग्य उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील भरतीवर्षात न्यावी लागते. तेव्हाही न मिळाल्यास वरील गटांत अदलाबदल करता येते. त्यातूनही दिव्यांग उमेदवार मिळाला नाही, तरच ती इतरांना देता येते.

येथे एक गोष्ट खेदाने नमूद करावी लागते. सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे दिव्यांगत्वाच्या यादीत असले तरी नोकरीच्या चार टक्क्यांत त्यांचा समावेश नाही. भेदभावापासून संरक्षण व वाजवी सोय यांचा हक्क मात्र त्यांनाही आहे.

(ऊ) तक्रार निवारण अधिकारी नेमावा. प्रत्येक सरकारी आस्थापनेत असा अधिकारी असला पाहिजे, त्याच्याकडे तक्रारींची नोंदवही असली पाहिजे, आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी झाली पाहिजे. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते.

याशिवाय केंद्र शासनाच्या कार्मिक विभागाने ३१ मार्च २०१४ रोजी मार्गदर्शक सूचना काढून, दिव्यांग कर्मचाऱ्यांना शक्यतो फिरत्या बदल्यांतून वगळावे व नेमणुकीच्या ठिकाणाबाबत त्यांना प्राधान्य द्यावे असे सांगितले आहे.

६. खाजगी मालकाची कर्तव्ये

खाजगी कारखान्यात वा दुकानात चार टक्के आरक्षण सक्तीचे नाही. एकूण कामगारांपैकी किमान पाच टक्के दिव्यांग असावेत यासाठी शासनाने मालकांना प्रोत्साहन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो. तसेच कलम २० मधील सेवासंरक्षणाचे शब्द 'सरकारी आस्थापना' असेच आहेत. हे कायद्याचे अपुरेपण आहे असे आमचे मत आहे, कारण आपली पुष्कळ मुले आज खाजगी कंपन्यांत, तीही कंत्राटावर काम करतात.

तथापि खाजगी मालक मोकळा सुटला आहे असेही नाही. त्याच्यावर पुढील बंधने आहेतच :

समान संधी धोरण लेखी स्वरूपात तयार करून ते प्रसिद्ध करावे व त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवावी. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांना योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, बदली, विशेष रजा, साहाय्यक साधने, अडथळेविरहित जागा आणि संपर्क अधिकारी यांची माहिती असावी. वीसपेक्षा कमी असतील तर कोणत्या सोयी देणार एवढे तरी असावे. संकेतस्थळ नसेल तर हे धोरण दर्शनी जागी लावावे.

दिव्यांग कर्मचाऱ्यांची नोंद ठेवावी. नवीन इमारत बांधताना ती दिव्यांगांना वापरता येईल अशी बांधावी. आणि कामावर असताना अपघात होऊन अपंगत्व आले तर नुकसानभरपाई देण्याचे मालकाचे कर्तव्य १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे.

७. न्यायालयांनी काय सांगितले?

कायदा पुस्तकात असतो, तो जिवंत होतो निकालांतून. विद्यार्थ्यांनी पुढील निकाल लक्षात ठेवावेत.

कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार (२००३) : एस.एस.बी. या दलातील एका शिपायाच्या डाव्या पायाला कर्तव्यावर असताना इजा झाली. पुढे तो पाय कापावा लागला. त्याला सेवेस अपात्र ठरवून घरी पाठवण्यात आले. उच्च न्यायालयात तो हरला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कलम ४७ बंधनकारक आहे असे सांगून त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याला अपात्रतेचे निवृत्तिवेतन मिळते आहे, म्हणून हे संरक्षण नाकारता येणार नाही, असेही सांगितले. हा निकाल मामांच्या अर्जाच्या नऊ वर्षे आधीचा आहे.

राष्ट्रीय अंध महासंघाचे प्रकरण (२०१३) : आरक्षणाची टक्केवारी केवळ 'दिव्यांगांसाठी योग्य' म्हणून ठरवलेल्या पदांवर न मोजता संवर्गातील एकूण रिक्त जागांवर मोजावी, असा निकाल झाला. यामुळे जागांची संख्या वाढली.

विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग (२०२१) : हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारण्यात आला होता. लक्षणीय दिव्यांगत्वाची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिक मिळण्यासाठी ती लावता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे, हे या निकालाने पक्के केले.

रवींद्र कुमार धारीवाल यांचे प्रकरण (२०२१) : केंद्रीय राखीव पोलीस दलातील अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू होती व त्यांना मानसिक आजार होता. आजारातून घडलेल्या वर्तनासाठी अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने सांगितले. मानसिक आजाराला 'वेड' म्हणून मोकळे होणाऱ्या आपल्या समाजाने यातून बोध घ्यावा.

८. दोन गैरसमज

पहिला गैरसमज आपल्या विद्यार्थ्यांत फार आढळतो. 'दिव्यांग आरक्षण घेतले तर अनुसूचित जातीचे आरक्षण जाते' असे ते म्हणतात. हे खरे नाही. जातीचे आरक्षण उभे असते, दिव्यांगांचे आरक्षण आडवे, म्हणजे समांतर असते. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. शंभर जागांपैकी चार जागा दिव्यांगांच्या असतील आणि त्यात अनुसूचित जातीचा एक उमेदवार निवडला गेला, तर बिंदुनामावलीत तो अनुसूचित जातीच्या जागेवरच धरला जातो. म्हणून अर्ज भरताना दोन्ही रकाने भरावेत आणि दोन्ही प्रमाणपत्रे जोडावीत.

दुसरा गैरसमज कर्मचाऱ्यांत आहे. 'माझ्यामुळे इतरांवर कामाचा भार पडतो, मग मीच बाजूला झालेले बरे.' मामांनाही हेच वाटले होते. यातील माणुसकी आम्हाला मान्य आहे. परंतु आपण स्वतःहून राजीनामा दिला की कायद्याची ढाल आपण स्वतःच खाली ठेवतो. मालकाने काढले तर दाद मागणे सोपे असते. आपणच सही करून दिली, तर ती सही दबावाखाली वा अज्ञानातून झाली हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते.

९. प्रत्यक्षात काय करावे?

(१) दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र वेळेवर काढावे. त्यासाठी शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो व शासकीय रुग्णालयात तपासणी होते.
(२) आजारामुळे काम जमेनासे झाले तर आधी लेखी अर्ज द्यावा. त्यात राजीनाम्याचा शब्द नसावा. 'मला अमुक अडचण आहे, कलम २० प्रमाणे अमुक सोय किंवा दुसरे पद मिळावे' असे लिहावे आणि पोच घ्यावी. तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही.
(३) उत्तर न आल्यास तक्रार निवारण अधिकारी, नंतर जिल्हास्तरीय समिती. राज्याच्या आस्थापनांसाठी पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आणि केंद्राच्या आस्थापनांसाठी, त्यात राष्ट्रीयीकृत बँकाही आल्या, दिल्लीचे मुख्य आयुक्त यांच्याकडे तक्रार करता येते.
(४) कायदा मोडणाऱ्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, त्यानंतर प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा तर सहा महिने ते पाच वर्षे कैदेचा गुन्हा आहे.
(५) परीक्षार्थींनी लेखनिक व तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ यांची मागणी अर्ज भरतानाच करावी. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर हुज्जत घालून उपयोग होत नाही.

१०. आपल्या संस्थेविषयी

इतरांना कर्तव्य सांगताना आपले घर तपासावे लागते. वर म्हटल्याप्रमाणे कायद्यातील खाजगी आस्थापनेत न्यास, मंडळे व संस्थाही येतात. आपली संस्थाही पगार देऊन माणसे ठेवते, म्हणजे आपणही मालक आहोत. आपले समान संधी धोरण कोठे लावले आहे? आपल्या सभागृहाला जिना आहे, उतार नाही. गुडघ्याने अधू झालेले आपले ज्येष्ठ सभासद वार्षिक सभेला का येत नाहीत, याचा विचार आपण कधी केला काय?

कार्यकारी मंडळाला आमची नम्र सूचना अशी की, या वर्षी तीन कामे हाती घ्यावीत. एक, संस्थेचे धोरण एका पानावर लिहून फलकावर लावावे आणि त्याची प्रत आयुक्तांकडे पाठवावी. दोन, सभा तळमजल्यावर घ्याव्यात व उतार बांधण्यासाठी निधी जमवावा. तीन, महिन्यातून एक रविवार अर्ज लिहून देण्यासाठी ठेवावा. ज्यांना नोकरीत अशी अडचण आली आहे त्यांनी त्या दिवशी यावे. त्या कामासाठी आम्ही आमचे नाव आताच देत आहोत.

समारोप

मामा आता हयात नाहीत. अखेरपर्यंत ते आम्हाला साहेबच म्हणत. त्यांचा मुलगा दुकानात काम करता करता मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आमचे अक्षर अजूनही चांगले आहे. पूर्वी आम्ही लोकांनी सांगितले ते लिहून देत होतो. आता आधी विचारतो, "हा अर्ज कशासाठी? तुम्हाला हक्क काय आहे ते माहीत आहे काय?" वाचकांनीही, विशेषतः कार्यालयांत बसणाऱ्या आमच्यासारख्या शिकलेल्यांनी, कागद पुढे ओढण्याआधी हा प्रश्न विचारावा. एवढे झाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यासप्रश्न

१. संविधानातील कलम ४१ चा आशय सांगून, ते थेट न्यायालयात का लागू करता येत नाही ते लिहा.
२. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याबाबत सरकारी आस्थापनेने कोणत्या तीन पायऱ्या पाळाव्यात?
३. वाजवी सोय म्हणजे काय? आपल्या शाळेत किंवा महाविद्यालयात करता येतील अशा दोन सोयी सुचवा.
४. उभे व आडवे आरक्षण यातील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
५. आपल्या वस्तीतील एखाद्या दिव्यांग कामगाराची भेट घ्या. त्याच्या मालकाने कोणते कर्तव्य पाळले व कोणते पाळले नाही, हे त्याच्या संमतीने लिहून काढा.